हीटरमध्ये बिघाड नव्हता

ओबिहिरो
२३ फेब्रुवारी

चि. नोरिओ,

थंडी अजून हटायचं नाव घेत नाही. सकाळी दाराची कडी हाताला चिकटते. साप्पोरोला तुम्ही दोघं बरे असाल, तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील, मासायोचा खोकला गेला असेल. पत्राच्या सुरुवातीला हे असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आई बरी आहे. हे मात्र रीत म्हणून लिहिलेलं नाही, तेव्हा दोनदा वाच. आई बरी आहे. दोन्ही वेळा जेवते आणि सूप जरा अळणी झालं की मला चार गोष्टी ऐकवते.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "हो ताई, खरंय ताई" म्हणत राहतोस आणि माझा राग तिथल्या तिथे विरतो. लहानपणापासून तुझं हेच. कागदाला तुला "हो ताई" म्हणता येणार नाही.

आधी गाडीच्या हीटरचं सांगते.

डिसेंबरात आपली दोघांची कॅम्पर, ती झोपायची सोय असलेली गाडी, माझ्या कोठारात लावलीस तेव्हा किल्ली हातात देत म्हणाला होतास, "ताई, हिवाळाभर ही बाहेर काढूच नकोस. हीटर दगा देतो. मे महिन्यात येईन तेव्हा मीच कुणाला तरी दाखवेन." अबाशिरीला पंधरा दिवस हंसांचे फोटो काढून आला होतास म्हणे. येताना अबाशिरीची मिठाई आणली होतीस. आईने ती पुरवून पुरवून खाल्ली, अगदी डब्यातले कण बोटाने टिपून.

आता तू सगळी हयात बँकेत काढलीस आणि मी तोकाचीच्या गोठ्यागोठ्यांतून दुधाचा टँकर फिरवला. हीटर दगा देतो म्हटल्यावर मला कुठलं चैन पडायला. जानेवारीत एका दुपारी कोठारातच चालू करून पाहिला. गाडीच्या तळाखालचा छोटा पंप टिकटिक करायला लागला, पंखा फिरला, बाहेरच्या नळीतून थोडा धूर आला आणि जरा वेळात पायाशी गरम हवा. मी लगेच बंद केला. म्हटलं, या शहाण्याला बटण नीट दाबता आलं नसेल. मनातल्या मनात हसलेसुद्धा तुला.

त्याच दिवसांत आईचं मन थाऱ्यावर नव्हतं. कारण तुला ठाऊक नाही. निदान तेव्हा मला वाटत होतं की तुला ठाऊक नाही. नववर्षाला पार दक्षिणेच्या टोकाहून, आमाकुसाहून, तिला एकसुद्धा कार्ड आलं नाही. दरवर्षी गावाकडची सातआठ तरी येतात. पोस्टवाला रबर लावलेला गठ्ठा टाकून गेला की ती चष्मा लावून आधी आपल्या बालमैत्रिणीचं, फुसाएमावशींचं शोधते. मावशींचं ते वाकडंतिकडं शाईतलं कार्ड, दरवर्षी त्याच त्या गोष्टी: मासे मिळत नाहीत, सून चांगली आहे, कान गेले, तू कधी येतेस. या वर्षी ते नाही. शेजारच्या तोमोनाग्यांचं नाही, देवळाचंही नाही. आईने गठ्ठा पुन्हा पुन्हा चाळला. मग म्हणाली, "फुसाए गेली असणार. मला कळवायला कुणी उरलं नाही."

"अगं, फोन करून विचारूया की," मी म्हटलं.

"नको. सुनेने उचलला आणि गेल्या म्हणाली, तर मग खरंच गेली ना ती."

फुसाएमावशी गेल्या, हे तिने धरूनच ठेवलं. रोज सकाळी उदबत्ती लावताना बाबांच्या नावापाठोपाठ त्यांचं नाव घ्यायची. आणि जेवताना हटकून विचारायची, "मे महिन्यात आपण नक्की जाणार ना गं? तुझ्या बाबांच्या समाधीवर पाणी घालून येते. पुढच्या वर्षी मला तिथेच ठेवायचं आहे तुम्हाला, तर जागा बघून ठेवलेली बरी." मी दर वेळी नक्की म्हणत होते. तिला एवढा लांबचा प्रवास गाडीत सोसेल का, हीच माझी एक काळजी. म्हणून ठरवलं, एक रात्र जवळपास नेऊन पाहू. निजता येतं का, उठता येतं का, थंडी बाधते का. हीटर तर चालतोय.

तर गेल्या पंधरवड्यात तिला घेऊन निघाले. डोंगराखाली पाय शेकायचं गरम पाण्याचं कुंड आहे, तो रस्त्याकडेचा थांबा. वाटेत इंजीन चालू होतं तोवर गाडीत उबारा होता. दुपारी पोचलो, आईने कुंडात पाय घातले, शेजारच्या बायकांना आपलं वय सांगून त्यांच्याकडून "छे, वाटत नाही" असं वदवून घेतलं. खूश होती. गाडीत परत आलो तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं आणि सगळं गारठून गेलं होतं. मी हीटर लावला.

पंप टिकटिकला, पंखा घुंघुंला, आणि बंद. तांबडा दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आईला दोन दुलयांत गुंडाळलं, डोक्यावर लोकरी टोपी चढवली आणि म्हटलं, "बघते गं, आत्ता होतं." बॅटरी पाहिली, ठीक. गाडीखाली वाकून धूर जायची नळी पाहिली, बर्फाने बुजली असेल तर. मोकळी होती. हवा ओढणारी नळीही मोकळी. पंप तर टिकटिकत होताच, म्हणजे त्याचं काम चालू होतं. मग राहिलं काय? डिझेल. हीटरला गाडीच्याच टाकीतून एक बारीक नळी जाते आणि वाटेत गाळणी असते, बोटाच्या पेराएवढी. ती सोडवली. आत डिझेल नव्हतं, नोरिओ. आत पांढुरका लगदा होता, रस्सा गार झाल्यावर वर चरबी धरते ना, तसा.

शेजारच्या गाडीतले कुशिरोचे एक गृहस्थ टॉर्च घेऊन आले. त्यांच्या बायकोने आधी आईला भाजलेलं रताळं नेऊन दिलं, मग ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. गाळणी हातात घेऊन दिव्यापुढे धरली आणि हसायला लागले.

"काय हो काकू, डिझेल कुठून भरलंत? कागोशिमाहून?"

"माझा भाऊ अबाशिरीला गेला होता," मी म्हटलं.

"अबाशिरीचं डिझेल थिजलं तर अबाशिरीची माणसं जगतील का? हे खालचं आहे. समुद्रापलीकडचं."

मला काय सांगायचं होतं त्यांनी. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खालून, दक्षिणेतून येताना टाकी रिकामी करत यायचं आणि बोटीतून उतरलं की पहिलं काम म्हणजे इथलं, थंडीचं डिझेल भरायचं. खालच्यात मेण असतं, ते आपल्या थंडीत गोठतं. तुलाही ठाऊक आहे. पण आपला दुसराही एक नियम आहे, तुझा नि माझा, गाडी परत देताना टाकी भरून द्यायची. तो तू पाळलास. बोटीवर चढायच्या आधी काठोकाठ भरलीस, म्हणून माझ्या दारात आली तेव्हाही काटा पाऊण टाकीच्या वर होता. मीही वर भरलं नाही. माझं कोठार गोठ्याला लागून आहे, गाईंच्या उबेने तिथे पाणीही गोठत नाही, म्हणून जानेवारीत हीटर सुरळीत चालला. म्हणून मी हसले तुला.

तेव्हासुद्धा मी तुझ्यासाठी कारण शोधत होते, बघ. गाडीखाली पडल्यापडल्या मनात म्हणत होते, कुठे सहलीला गेला असेल खाली, मासायोला घेऊन गेला असेल गुपचूप, आईला नाही नेलं म्हणून सांगायला लाजला असेल. कुणाला दुखवू नये म्हणून माणूस असलं बोलतो. मी तुला सूट देत होते.

कुंडातलं ऊन पाणी बादलीत आणलं, टॉवेल भिजवून गाळणीभोवती नि नळीभोवती गुंडाळले. कुशिरोच्या गृहस्थांनी आपल्याकडचं डिझेल एका डब्यात ओतलं आणि आम्ही हीटरची नळी सरळ त्या डब्यात सोडली. जरा वेळ निळा धूर ओकला, मग लागला एकदाचा. आईने आतून काच ठोठावून हात केला. मला रडू यायचं बाकी होतं, थंडीने की कशाने कोण जाणे.

पण तो टिकेना. थोडा वेळ चाले, मग आपोआप बंद. आता डिझेलचा प्रश्न नव्हता, दिवा वेगळ्या तऱ्हेने लुकलुकत होता. आतून फार तापला की तसा लुकलुकतो. गरम हवेला बाहेर पडायला वाट नसली की तापतो. मागच्या बाकाखालून हवेची जाड नळी जाते, ती हाताला चटका लागण्याएवढी तापली होती आणि पलीकडच्या तोंडातून हवा येत नव्हती. कुठेतरी चेपली होती. म्हटलं, तुझं कॅमेऱ्याचं सामान ठेवलं असशील तिथे. बाकाची फळी उचलली.

तिथे एक डबा नळीवर दाबून बसवला होतास. वर तुझा जुना रेनकोट. खाली पांढरं फडकं, चारी टोकांची गाठ वर.

मी ती गाठ ओळखते, नोरिओ. बाबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थींचा हाच डबा विमानात मांडीवर घेऊन मी आणि तू आळीपाळीने बसलो होतो. तुझे पाय बधिर झाले तेव्हा मी घेतला, माझे झाले तेव्हा तू. आमाकुसाला जाऊन आपण दोघांनी मिळून तो दगडाखाली ठेवला, आईने वरून पाणी घातलं, आणि त्या टेकडीवरून समुद्र दिसतो म्हणून तू म्हणालास की बाबांना आवडेल. ते माझ्या पायाशी, हीटरच्या नळीवर, रेनकोटाखाली.

आईने विचारलं, "काय गं ते?"

मी म्हटलं, "काही नाही. हीटरचं सामान आहे. उद्या बघू."

नोरिओ, माझ्या आईशी मी खोटं बोलले. तुझ्यासाठी. तू समोर नसताना, न सांगता, तुझं खोटं माझ्या तोंडातून निघालं. डबा पुढच्या सीटवर ठेवला, नळी सरळ केली आणि हीटर घरच्यासारखा चालला. त्यात काहीच बिघाड नव्हता. आई उबेत छान झोपली, सकाळी म्हणाली, "मे महिन्यात मजा येईल."

इंजिनाची गाळणीही तशीच गरम टॉवेलांनी शेकून गाडी घरी आणली. ती दुपारी पडली तेव्हा मी कोठारात जाऊन आमाकुसाच्या देवळात फोन लावला. धाकटे बुवा होते. मी नाव सांगितलं मात्र, त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "आपल्या मातोश्री उन्हाळ्यात गेल्याचं नोरिओसानांकडून कळलं. फार वाईट वाटलं. समाधी उठवण्याचा विधी मात्र यथासांग झाला, काळजी नसावी."

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे." तोंडातून गेलं ते. सवय. पलीकडे गोठ्यात गाई रवंथ करताहेत, घरात माझी आई घोरते आहे, आणि मी तिच्या मरणाबद्दल आभार मानते आहे.

मग मी त्यांना सांगितलं की आई जिवंत आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी आधी माझी माफी मागितली. मग म्हणाले की त्यांनी स्वतः तुला सुचवलं होतं, समाधी उठवायचीच असेल तर एकदा बाईंना घेऊन या, त्यांच्या हाताने शेवटचं पाणी पडू दे. त्यावर तू म्हणालास, आई उन्हाळ्यात गेली. मान खाली घालून म्हणालास म्हणे. बुवांना तुझी दया आली. गावात सगळ्यांना त्यांनीच सांगितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या घरात सुतक त्या घरी नववर्षाचं कार्ड पाठवत नाहीत. गावच्या माणसांनी रीत पाळली. फुसाएमावशी जिवंत आहेत, आणि आईच्या सुतकात कार्ड लिहायचं नाही म्हणून लिहिलं नाही. आणि इथे आई मावशींच्या नावाने उदबत्ती लावत बसली.

असं का केलंस, हे मी विचारणार नाही. तुझी कारणं मला पाठ आहेत. दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरी बसून सांगितली होतीस: एवढ्या लांब जाणार कोण, तुझ्या मुलीचं लग्न झालं ती बघणार नाही, दगडावर शेवाळ चढतं, आजकाल सगळेच समाधी उठवून अस्थी शहरात आणून ठेवतात, साप्पोरोच्या स्टेशनजवळ छान सोय आहे, लिफ्टने वर जायचं. मी ऐकून घेतलं होतं. तू काही गुन्हा करायला निघाला नव्हतास. मी एवढंच म्हटलं होतं, आई आहे तोवर नाही. तू कप खाली ठेवलास, मान तुकवलीस आणि म्हणालास, "ठीक आहे ताई." त्या "ठीक आहे"वर मी दोन वर्षं निर्धास्त झोपले. माझ्याशी भांडला असतास, मला हट्टी म्हातारी म्हणाला असतास, मी चार दिवस अबोला धरला असता आणि विसरले असते. तू केसाने गळा कापलास.

आणि तुझा हिशेब मला कळतो. मे येईस्तोवर आई राहणार नाही, असा तुझा अंदाज होता, आणि तोवर गाडी कुणी उघडू नये म्हणून हीटरचं निमित्त. मग कुणाला काही सांगायची वेळच आली नसती. दोघांना एकदमच लिफ्टने वर नेलं असतंस.

मी आईला सांगणार नव्हते. खरं सांगते, मी तुझी बाजू सांभाळणार होते. डबा माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवला. म्हटलं, मे महिन्यात काहीतरी निमित्त काढू, रस्ता बंद आहे म्हणू. पण परवा ती म्हणाली, "आज फुसाएचे एकोणपन्नास दिवस होत असतील. कधी गेली ते ठाऊक नाही, पण धरूया. चांगल्या उदबत्त्या आण." जिवंत बाईचे दिवस घालायला निघाली होती ती. मला ते बघवलं नाही.

मी फोन घेतला आणि मावशींच्या घरी लावला. सून आली. मी म्हटलं, "दचकू नका. माझी आई आहे. इथे माझ्या शेजारी बसली आहे. तुम्हाला चुकीचं कळलं." ती बराच वेळ "आँ, आँ" करत राहिली. मग मावशींना आणलं. मी फोन आईच्या कानाला लावला, पण मावशी इतक्या ओरडून बोलतात की मला सगळं ऐकू येत होतं.

"कोण? कोण बोलतंय?"

"मी सुमा."

"सुमा तर गेली हो. मी रोज उदबत्ती लावते तिला."

"अगं बहिरे, मी इथे आहे. उगाच उदबत्त्या वाया घालवू नकोस."

 मग मावशी म्हणाल्या, "मला बहिरी फक्त सुमाच म्हणायची." आणि रडायला लागल्या. आई हसत होती, मग तीही रडली, मग दोघी एकमेकींवर ओरडल्या की तू मेलीस असं मला वाटलं तर तू फोन का नाही केलास. आईचा चेहरा मी इतक्या दिवसांत असा पाहिला नव्हता. गाल लाल झाले होते. शेवटी तिने सहज विचारलं, "पण तुला सांगितलं कुणी?"

"तुझ्या नोरिओनेच की. बुवांना सांगितलं. मी त्याच्याकडे उदबत्तीचा पुडा पाठवला तर परतभेट म्हणून चहासुद्धा पाठवला त्याने. नीट काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने बांधून. रीतीचा मुलगा आहे."

आईने फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाली, "चहा चांगला होता?"

"चांगला होता गं."

"प्यायलीस ते बरं केलंस," आई म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

परतभेटीचा चहा, नोरिओ. दुकानात उभं राहून तो निवडला असशील. दुकानदाराने विचारलं असेल, कोण गेलं, आणि तू सांगितलं असशील. कागदावर नाव घालायला लावलं असशील. तिथेसुद्धा तुझी जीभ अडली नाही. मी तुझ्यासाठी अजून एक कारण शोधत होते ते तिथे संपलं.

आईने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मला म्हणाली, "आण आता तो डबा."

"कुठला डबा?"

"हीटरचं सामान. पांढऱ्या फडक्यात हीटरचं सामान कोण बांधतं गं? डोळे अधू झालेत माझे, गेले नाहीत. मी वाट बघत होते तू कधी सांगतेस."

म्हणजे त्या रात्री गाडीत ती उबेत छान झोपली, असं मी वर लिहिलं, ते मला वाटलं म्हणून. ती जागी होती की झोपली होती, आता मी सांगू शकत नाही.

डबा आणला. तिने फडकं सोडलं नाही, नुसतं गाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "बाकाखाली ठेवलं होतं त्याने?" मी हो म्हटलं. "सरळ होता की कलता?" मी म्हटलं, सरळ. कलता होता. एवढं एक खोटं मी आपणहून बोलले, आणि हे तू कधी तिला सांगू नकोस. तुला ती आता सांगायची संधी देईल असं मला वाटत नाही, तरी लिहून ठेवते.

मी म्हटलं, "आई, मी नोरिओला बोलावून घेते. त्याला तुझ्यासमोर बसवते. माफी मागू दे."

"नको," ती म्हणाली.

"अगं, ओरड तरी त्याच्यावर."

"कशाला? तो लहान असताना खोटं बोलला की माझ्याकडे बघायचा नाही, म्हणून मला कळायचं. आता बघतो आणि बोलतो. डिसेंबरात इथे बसून मला मिठाई भरवून गेला."

याच्यावर तुला काही बोलता येत असेल तर मला लिही, तिला नको.

आता पुढचं. मेमध्ये आम्ही जाणार, ठरलं आहे. गाडीतली टाकी मी उपसून काढली आणि इथलं डिझेल भरलं. हीटर रोज चालवून बघते. बुवांशी बोलले, ते फार शरमले आहेत, त्यांची काही चूक नाही. दगड गेला, जमीन सारखी केली, पण जागा अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. बाबांना पुन्हा तिथेच ठेवतील. नवा दगड नको म्हणाली आई, समुद्रातला एखादा गोटा आणून ठेवा. फुसाएमावशींनी नातवाला आत्ताच कामाला लावलं आहे म्हणे, गोटा शोधायला. तुझ्याकडची गाडीची दुसरी किल्ली पोस्टाने पाठवून दे. तू यायचं नाहीस. हे मी म्हणत नाही, आई म्हणते. मी तर म्हणाले होते की त्याला येऊ दे, गाडी त्याने चालवावी, सगळ्या वाटेवर आईने मागून त्याच्या मानेकडे बघावं. ती म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच.

मासायोला यातलं किती ठाऊक आहे मला ठाऊक नाही. तिला दोष देत नाही. तू तिला कुठलं अबाशिरी दाखवलंस, ते तुमचं तुम्ही बघा.

हे लिहीत होते तेव्हा आई समोरच बसली होती, संत्रं सोलत. दर पत्रात ती शेवटी दोन ओळी सांगते ना, नोरिओला लिही, पोटाला उबेचा पट्टा बांधून झोप, रात्री दारू कमी कर. तुझ्या पन्नाशीतही सांगायची, साठीतही. मी लेखणी थांबवून विचारलं, "आई, नोरिओला तुझं काय लिहू?"

तिने संत्र्याची फोड माझ्यापुढे ठेवली.

"काही लिहू नकोस," म्हणाली. "मेलेली बाई काय निरोप देणार."

तुझी ताई, असं लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिते.

हात्सुए